खिडकीपासून दारापर्यंत

चेनपुलीचा हुक उघडला होता. दोन मिलिमीटर असेल नसेल, पण पुलीवाल्याच्या नजरेतून सुटला नाही. असल्या हुकाला टनभराचा लेथ टांगायचा म्हणजे मिस्त्रीकाकांच्या पायांवर पाणीच सोडायचं. त्याने फोन लावला.

"आज जमत नाही, काका. पुढच्या रविवारी करू."

"बरं. मग मीच पहार लावून थोडा थोडा सरकवतो."

"हात लावू नका. येतो मी."

फोन ठेवून पुलीवाला हसला. म्हातारा एकटा पडला होता, दुसरं काय. वर्षभरात लेथ दहा वेळा हलवून झाला होता. खिडकीशी ऊन लागतं म्हणून दाराकडे, दाराशी धूळ येते म्हणून पुन्हा खिडकीकडे. वरच्या मजल्यावर मुलगा, सून, भरलं घर. पण खाली वर्कशॉपमध्ये काकांशी दोन शब्द बोलायला कुणी उतरत नसे. एकटेपण माणसाला कसं पोखरतं, हे पुलीवाल्याला कुणी शिकवायला नको होतं. गेल्या वर्षी बायको गेली, तेव्हापासून त्याला स्वतःच्या घरात नळाची टिपटिपसुद्धा नको व्हायची. म्हणून तो काकांना कधी नाही म्हणत नसे.

रविवार असल्याने पुली मिळणं मुश्कील होतं. भाड्याने देणाऱ्या पहिल्या दुकानाला कुलूप. दुसऱ्याकडे पुली होती, पण ब्रेक घसरत होता.

"चालतंय हो," दुकानदार म्हणाला.

"तुमचं चालतंय. खाली माझे काका उभे असतात."

शेवटी एका गॅरेजवाल्याने दोन टनांची पुली काढून दिली. पुलीवाल्याने तिला जुनं इंजिन टांगलं आणि अर्धा तास समोर बसून राहिला. साखळी तसूभरही सुटली नाही, तेव्हाच त्याने ती खांद्यावर घेतली.

काका दारातच उभे होते.

"उशीर केलास. आधी जेव."

"आधी काम करू."

"उपाशी माणसाला माझ्या यंत्राला हात लावू देत नाही मी."

जेवण झाल्यावर पट्टे आवळले. लेथ चार बोटं वर उचलला, खाली लोखंडी पाइप घातले आणि दोघांनी तो इंचाइंचाने खिडकीकडे ढकलला. मध्येमध्ये काका आपल्या जुन्या मालकांच्या नकला करत होते. पुलीवाला पोट धरून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. पाणसळ लावून लेथ समपातळीत आल्यावर काकांनी भिंतीवरून हात फिरवला.

"इथे ओल दिसते रे. पुढच्या महिन्यात बघावं लागेल."

म्हणजे पुन्हा दाराकडे, पुलीवाल्याने ओळखलं. हात धुवायला तो जिन्यापाशी गेला, तर सून कपडे घेऊन उतरत होती. त्याला राहवलं नाही.

"वहिनी, लहान तोंडी मोठा घास घेतोय. काकांपाशी घटकाभर बसत जा. फार एकटे पडलेत. कुणीतरी यावं म्हणून बिचारे यंत्र हलवत बसतात."

सुनेने हातातले कपडे पायरीवर ठेवले.

"लेथ विकून सहा महिने झाले, भाऊ," ती हळूच म्हणाली. "घेणारा फोन करून थकला. पण बाबा नेऊ देत नाहीत. म्हणतात, यंत्र गेलं तर पुलीवाल्याला कोणत्या निमित्ताने जेवायला बोलवू?"