उद्याचं गणित

कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत पंचशीलाला गणितात शंभरापैकी एकतीस गुण पडले, तेव्हा धोंडप्पा गुरुजी तिच्या बापाला म्हणाले, "पोरीला एक वर्ष द्या. गणित मी शिकवतो." बोलून तर गेले, पण गुरुजींचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंतच. तेर गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर पाढेच शिकवले होते.

दुष्काळाचं साल होतं. पंचशीला दिवसभर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची आणि दिवस कलला की हातपाय धुऊन शाळेत यायची. तिला शिकवून झालं की गुरुजी धाराशिवची गाडी धरायचे, एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून उद्याचं गणित समजून घ्यायचे आणि मुक्कामी गाडीनं परतायचे. घरी सांगायचे, मठात भजनाला गेलो होतो.

पुढच्या वर्षीचा निकाल लागला. अठ्ठ्याऐंशी! पंचशीला पाया पडली, तसं गुरुजींना राहवलं नाही.

"पोरी, खरं सांगतो. मला ह्यातलं काईच येत नव्हतं."

"ठावं हाय, गुरुजी. धाराशिवच्या गाडीवर माझा मामाच कंडक्टर हाय."

गुरुजी ओशाळले. "मग बोलली का न्हाईस गं?"

"बोलून काय करू? एकदा शिकवलेलं परत इचारलं असतं, तर तुमाला परत तेवढ्यासाठी जावं लागलं असतं. म्हणून एकबी गणित म्या विसरले न्हाय."