मागच्या रांगेमागे

अंत्यदर्शनाच्या सभागृहातून मुलीला फोन आला. तिथलं लाइव्ह प्रक्षेपण सांभाळणारा तंत्रज्ञ अदबीनं विचारत होता, "जुनी रेकॉर्डिंग काढून टाकतोय. तुमच्या आईंचं ठेवायचं का?"

"काढून टाका म्हणावं," बाबा शेजारून म्हणाले. "तिला तसं निजलेलं मला पुन्हा बघवणार नाही."

"एक मिनिट थांबा हं," मुलगी तंत्रज्ञाला म्हणाली आणि तिनं फोन बाजूला ठेवला. अंत्यदर्शनाच्या दिवशी तिच्या पायाला प्लास्टर होतं, म्हणून आईला तिनं घरूनच, स्क्रीनवर बघत निरोप दिला होता.

"बाबा, तुम्ही सगळे आईकडे बघत होतात. कॅमेरा आईच्या मागून तुमच्याकडे बघत होता." तिनं लॅपटॉपवर ते रेकॉर्डिंग लावलं, तो त्यांच्यापुढे सरकवला आणि एका जागी चित्र थांबवलं. "मागच्या रांगेच्याही मागे, दाराजवळ बघा."

पिकल्या दाढीचा एक माणूस हात जोडून उभा होता. बाबा स्क्रीनवर वाकले. घर सोडून गेलेल्या मुलाला ते आज किती वर्षांनी पाहत होते.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"दादाचं नाव काढायची सोय होती का या घरात?"

बाबांनी बाजूला ठेवलेला फोन स्वतःच उचलला.

"ते राहू द्या," ते तंत्रज्ञाला म्हणाले. "आणि तुमच्या दाराबाहेर कॅमेरा असेल ना? तो मागचा माणूस निघाल्यावर कुठल्या बाजूला गेला, तेवढं दिसतं का बघाल?"