लाल माइक

न्यायाधीश होण्याआधी मी वकील होते आणि त्याही आधी कर्णबधिर मुलांची शिक्षिका. कोर्टाचे तंत्रज्ञानप्रमुख पूर्वी बँकेची सुरक्षा सांभाळायचे. पडद्यावर तुरुंगातला आरोपी शेजारच्या वकिलाशी बोलत होता. “खासगी बोलणं म्हणून आवाज बंद केलाय, मॅडम. शब्द बाहेर पडायचा नाही, तिजोरीच समजा,” प्रमुख ऐटीत म्हणाले. पडद्याच्या कोपऱ्यात माइकचं चिन्ह लाल होतं. मी नजर वळवायला हवी होती, पण जित्याची खोड! आरोपीचे ओठ मी वाचलेच: ‘चाकू धाकट्या भावानं चालवला. त्याची पोरं लहान आहेत. मीच भोगतो.’ चिन्ह हिरवं झालं. “गुन्हा कबूल आहे,” तो खणखणीत बोलला. आता ऐकलेलं खरं धरू की न ऐकलेलं? लघुलेखिका माझ्याकडे बघत थांबली. गोंधळात तोंडून वर्गातलं वाक्य निसटलं, “बाळा, इकडे बघ. आता पुन्हा सांग. सावकाश.”