आंग धुवाले

"चाल गोलू, आंग धुवाले! पाणी थंडं होऊन राहिलं."

मोरीतून सासूबाईंची, विमलाबाईंची हाक आली आणि तृप्तीनं हातातली फाइल खाली ठेवली. उद्या भंडाऱ्याला शाळेची मुलाखत. साडेतीन वर्षांच्या पोराला मॅडम पहिलं हेच विचारतात म्हणे, सकाळी उठून काय काय करतोस?

"आई, किती वेळा सांगू? आंघोळ म्हणा. तिथं हा 'आंग धुतो' बोलला तर सगळे हसतील."

"हसतीन कायले?" विमलाबाईंनाच हसू आलं. "त्यायचे पोरं मळकेच जातेत का शाळेत?"

एरवी तृप्तीही हसली असती. पण नागपूरच्या होस्टेलात पहिल्याच सकाळी तिनं 'आंग धुवाचं आहे' म्हटल्यावर खोलीभर जे खिदळणं उठलं होतं, ते अजून तिच्या कानातून गेलं नव्हतं.

"तुम्हाला गंमत वाटते. त्याचं बोलणं बिघडतंय ते तुमच्यामुळंच."

विमलाबाईंचं हसू तिथंच राहिलं.

गोलू उघडाच मोरीच्या दारात उभा होता. त्यानं आईकडं पाहिलं, मग आजीकडं.

"आजीले बोलता येत नाही," तो म्हणाला. हुबेहूब आईच्या सुरात.

तृप्तीनं त्याला रागवायला तोंड उघडलं, पण रागवायचं कशाबद्दल?

विमलाबाईंनी नातवाला पाटावर बसवलं, बादलीत हात घालून पाणी पाहिलं. रोज एकेका मग्ग्यासोबत त्यांचं काहीतरी चालायचं. हे घे वैनगंगेचं, हे घे मामाच्या वावरातल्या बोडीचं, अन् कानामागं बेडूक तं नाही ना लपला? शेजारच्या घरापर्यंत पोराचं खिदळणं जायचं.

आज नुसतं पाणी पडत होतं.

"आजी, मामाच्या बोडीचं दे ना," गोलू म्हणाला.

आजीनं त्याच्या डोक्यावर मग्गा ओतला.

तृप्ती टॉवेल घेऊन दारात आली. आई, चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. पण तिनं नुसताच टॉवेल पुढं धरला. विमलाबाईंनी वर न पाहता हात पुढं केला, टॉवेल घेतला, पोराला जवळ ओढलं आणि थबकल्या.

"तृप्ती," गोलूला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आंग पुसतो म्हटलं तं चालते ना?"