उरलेल्या अकरा गोळ्या

काकांनी मॉर्फिनच्या रिकाम्या पट्ट्या औषधांच्या खिडकीत ठेवल्या. त्या बघूनच नव्या द्यायच्या आणि उरलेल्या गोळ्या परत घ्यायच्या, हा नियम फार्मासिस्ट ढवळे मॅडमनी रुग्णालयात हट्टानं लावून घेतला होता. त्या पट्ट्या मोजत होत्या, तेवढ्यात व्हीलचेअरवरच्या काकूंनी बटव्यातून अकरा गोळ्या काढून पुढे केल्या.

"उरलेल्या परत करायच्या असतात ना?"

"अगं, मी रोज संध्याकाळी तुझ्या हातावर ठेवत होतो!" काका चक्रावले.

"हातावरच ठेवत होतात. मी तोंडात कुठे घालत होते?"

मॅडमनी चष्मा काढला. पट्ट्या कमी भरल्या तर काय विचारायचं, हे त्यांना पाठ होतं. जास्तीच्या गोळ्या पहिल्यांदाच समोर आल्या होत्या. "काकू, कॅन्सरचं दुखणं असं अंगावर का काढताय?"

"गोळी घेतली की झोप लागते. चाळीस वर्षं मी बोलले आणि ह्यांनी नुसतं 'हं' केलं. आजारी पडल्यापासून संध्याकाळी माझ्याजवळ बसून स्वतःहून बोलतात. परवा लहानपणी मास्तरांची सायकल पळवल्याचं सांगत होते. आणि मी निम्म्यातच झोपू?"

"गुंगी चार-आठ दिवसांत कमी होते, काकू. वेळ बदलता येईल का, तेही डॉक्टरांना विचारते. पण गोळी चुकवायची नाही."

काकांनी घसा खाकरला.

"घेत जा गं," ते म्हणाले. "झोप लागली, तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून सांगेन."