काशीची गंगा

"हा अमृतराव घाट. बांधणारे पुण्याचे. म्हणजे आपलेच, काका," वेणीमाधव म्हणाला. तो दुर्गाघाटावरच्या मराठी घरातला. पुण्याहून आलेल्या मंडळींना काशीत हिंडवून पुणंच दाखवणं, हा त्याचा धंदा. मंडळीही त्यावर खूश होऊन परतत.

श्रीनिवासराव नुसते हं म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस शाखा तपासायला आल्यासारखी काशी पाहत होता. सकाळी रामनगरचा किल्ला. तोफा पाहिल्या, पालख्या पाहिल्या, पुढे चला. हौस त्यांची नव्हतीच. हौस सुनीतीबाईंची. "पुढच्या वर्षी काशी, नक्की," असं ते बायकोला जन्मभर सांगत आले, आणि गेल्या वर्षी घेऊनही आले. याच घाटावर, अस्थिकलशातून.

शेवटच्या पायरीवर वाकून ते पाण्याची बाटली भरू लागले.

"काका, हे काय करताय?"

"गंगा नेतोय. घरी यात्रेचं मावंदं नको घालायला?"

"अरे रामा! ती प्रयागहून न्यायची. काशीची गंगा नेत नाहीत. इथे जो विरघळला तो सुटला. तुम्ही बाटली भरलीत आणि त्यात कुणी आलं, तर बेचारा मोक्षातनं उठून पुन्हा संसारात."

श्रीनिवासरावांचा हात थांबला. "परत येतं माणूस?"

"आमचे आजोबा सांगायचे."

"आजोबा खात्रीचे होते?"

यात्रेकरूंचे नाना प्रश्न वेणीमाधवनं झेलले होते, पण आजोबांवर अजून कुणी शंका घेतली नव्हती. "एकदम पक्के!" तो तोऱ्यात म्हणून गेला, आणि मग काकूंचा कलश आठवून त्यानं जीभ चावली.

श्रीनिवासरावांनी बाटली रिकामी केली. वेणीमाधवला हायसं वाटलं. तेवढ्यात ते कपड्यांसकट कमरेइतक्या पाण्यात उतरले. गेल्या वर्षी कलश जिथे पालथा केला होता तिथे बाटली खोल बुडवून त्यांनी गळ्यापर्यंत भरली आणि झाकण घट्ट पिळलं.

"ओता ते, काका. हात जोडतो. काकू सुखात आहेत, राहू द्या."

"ती आहे हो सुखात," श्रीनिवासराव म्हणाले. "माझं काय?"

गल्ल्या संपल्या, मोठा रस्ता लागला. वेणीमाधव तिथूनच माघारी वळला. ओल्या धोतरानं श्रीनिवासराव एकटेच ई-रिक्षात बसले. "स्टेशन."

रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. मग मान वळवून मागे पाहिलं. रिक्षा काही सुरू करेना.

"बाबूजी," तो हळूच म्हणाला, "माताजी बहुत रो रही हैं."

श्रीनिवासरावांनी शेजारी पाहिलं नाही.

"चलो भैया," ते म्हणाले. "गाड़ी छूट जाएगी."