सकाळचा वर्ग

शिलाई कारखान्यातली सुपरवायझरची नोकरी सांभाळून ती पंचेचाळिसाव्या वर्षी आयटीची पदवीधर झाली. गुणपत्रिका हातात देताना सर कौतुकानं म्हणाले, "कमाल केलीत ताई! तुमच्या मुलीनं इथला सकाळचा वर्ग पहिल्याच वर्षी सोडला, तुम्ही मात्र संध्याकाळचा तडीस नेलात." लेक तर रोज सकाळी डबा घेऊन, पाठीला लॅपटॉप अडकवून कॉलेजलाच जात होती! घरी येऊन प्रॅक्टिकलच्या गमतीही सांगत होती. सर पुढे काय बोलले, कानात शिरलंच नाही. बाहेर फाटकाशी लेक स्कूटर घेऊन उभी होती. "आई, झालीस ना पास?" आईचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. "सरांनी सांगितलं?" आईचा हात शिवशिवला. मग तोच हात लेकीच्या खांद्यावर ठेवून ती मागे बसली. "रोज जिथे जातेस तिथे ने मला. रागवायचं ते पोचल्यावर बघू."